माथा जागेचा, मजकूर पाहुणा

मास्तरांच्या हातात कोणतेही पुस्तक द्या, ते पुस्तकाचे नाव वाचत नसत. लेखक कोण, हेही पाहत नसत. डाव्या हाताचा अंगठा पानांच्या वरच्या कडेवर ठेवून ते पुस्तक फर्रकन उलटत आणि पानापानाच्या डोक्यावरून धावणाऱ्या ओळीकडे बघत. ती ओळ सगळीकडे एका उंचीवर असली की "बसलंय" एवढे म्हणून पुस्तक परत देत. नसली, तर दोन बोटांत धरून परत देत, मेलेली पाल उचलावी तसे.

सांगलीच्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचा छोटा छापखाना होता. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवले नव्हते, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत, पाठीमागे 'माथेमास्तर'. दिवस महायुद्धाचे होते. मी पलूसजवळच्या खेड्यातून सांगलीच्या कॉलेजात शिकायला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी मराठी शाळेच्या पुढे कोणी गेले नव्हते. सकाळी कॉलेज, दुपारी मास्तरांकडे मुद्रिते तपासायची आणि झोपायला त्यांच्याच कागदाच्या गठ्ठ्यांमागची जागा, असे माझे चालले होते. कॉलेजच्या वेळा बदलल्या की मास्तर न बोलता माझ्या कामाच्या वेळा बदलत, आणि आल्यागेल्याला सांगत, "याला कामाची शिस्त म्हणून नाही." पदवी मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला 'पदवीधर' अशीच हाक मारत. त्यात थट्टा किती आणि भरवसा किती, हे मला तेव्हा कळत नसे.

पानाच्या अगदी वर एक बारीक ओळ असते, ती वाचकाला दिसते पण तो ती वाचत नाही. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, उजव्या पानावर प्रकरणाचे, आणि बाहेरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा. तिला आम्ही 'माथा' म्हणायचो. मास्तर म्हणत, "वाचक वाट चुकला की खाली बघत नाही, वर बघतो. एरवी देवाकडे बघतो तसा." माणसाच्या बाबतीतही त्यांचे तेच. कोणी बोळात शिरला की ते आधी त्याच्या डोक्याकडे बघत. टोपी वाकडी असली तर काम काय आहे हे ऐकायच्या आधी टोपी सरळ करायला सांगत. स्वतः मास्तरांना मी काळ्या टोपीशिवाय कधी पाहिले नव्हते. यसबा म्हणे, "मास्तर टोपी घालूनच जल्माला आल्यात."

यसबा हा आमचा जुळारी. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, हाताने वेचून ओळी जुळवायचे काम त्याचे. पाने छापून झाली की ती मोडायची आणि खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे, म्हणजे पुढच्या पानांना तेच वापरता येतात. माथे मात्र मोडायचे नाहीत. छपाईच्या लोखंडी चौकटीत ते आपल्या जागी तसेच उभे राहायचे. त्यांच्या खालून छापलेले पान काढायचे, नवे सरकवायचे आणि फक्त आकडा बदलायचा. मास्तरांची ही पद्धत कितीतरी वर्षांची होती आणि तिचे एक वचनच त्यांनी करून टाकले होते: "माथा जागेचा, मजकूर पाहुणा."

चालू पुस्तकांचे माथे सुतळीने बांधून ते भिंतीतल्या देवळीत ठेवत. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी ते स्वतः रॉकेलच्या बोळ्याने ते पुसत. यसबा मला डोळा घालून म्हणायचा, "मास्तरांचं द्येव शिशाचं हाईत. निवद न्हाई, नुस्तं राकेल."

एकदा एक निवृत्त मामलेदार आपले आठवणींचे पुस्तक छापायला घेऊन आले. डाव्या माथ्यावर पुस्तकाच्या नावाऐवजी आपले नाव हवे, तेही हुद्द्यासकट, असा त्यांचा आग्रह.

"रावसाहेब," मास्तर म्हणाले, "पानोपानी तुमचं नाव आलं तर वाचक तिसऱ्या पानावर म्हणेल, कळलं हो!"

"छापायचं की नाही, ते बोला."

"मजकूर तुमचा. तो कसाही असो, मी छापीन. माथा माझा."

मामलेदार रागाने निघून गेले आणि आठवड्याने परत आले, कारण दुसऱ्या छापखान्यात त्यांचे नाव पानागणिक वरखाली नाचले होते.

असा सगळा अभिमान. माझी आणि त्यांची कामाची वाटणी त्यातूनच झाली होती. जुळवलेल्या मजकुराची लांबलचक मुद्रिते मी वाचायचो, तेव्हा त्यांना माथे नसत. पुढे पाने पाडून चौकटीत बसवली की त्यांवर माथे मास्तर चढवत, आणि त्या शेवटच्या मुद्रितातले फक्त माथे तेच तपासत. "खालचं तुझं, वरचं माझं," असे ते म्हणत. यसबाचे मत असे, की 'चुकलो' या शब्दाचे खिळे मास्तरांच्या छापखान्यात आलेच नव्हते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना गावातले एक डॉक्टर छापखान्यात आले. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांत हिवतापाने लोक हैराण होते. क्विनीन जावा बेटातून येई; जपान्यांनी ते घेतल्यापासून औषध दुर्मिळ झाले होते, तरी डॉक्टरांनी खटपट करून मिळवले होते. त्यांनी औषधांच्या पेट्या भरल्या होत्या, आणि एकेक पेटी एकेका गावच्या शाळामास्तरांकडे ठेवायची होती. पेटीबरोबर एक लहान पुस्तक, कोणते औषध कशावर आणि किती घ्यायचे ते सांगणारे. पुस्तकाच्या मध्यावर समोरासमोर दोन कोष्टके होती. एक मोठ्या माणसांसाठी, एक मुलांसाठी. औषधांची नावे तीच, रकाने तेच, फक्त प्रमाण वेगळे.

"कोष्टकांवर ठळक मथळे घाला," डॉक्टर म्हणाले.

"कागदाची टंचाई माहीत आहे ना? मथळे घातले तर खालची ओळ पुढच्या पानावर जाईल. माथा आहे की!" मास्तर म्हणाले. "या दोन पानांपुरते मी माथे बदलतो. डावीकडे 'मोठ्या माणसांसाठी', उजवीकडे 'मुलांसाठी'. पान उघडल्याबरोबर दिसेल."

डॉक्टरांना ते पटले. मलाही पटले. मी दोन्ही कोष्टकांची मुद्रिते मूळ प्रतीशी ताडून पाहिली. आकडा न् आकडा बरोबर होता.

छपाईच्या दिवशी दुपारी डॉक्टर घाईघाईने आले. "आजारी मुलंच जास्त असतात. मुलांचं कोष्टक आधी घ्या, डावीकडे."

"त्यात काय," मास्तर म्हणाले. "यसबा, खालची पानं अदलाबदल कर."

यसबाने केली. चौकट सैल केली, एक कोष्टक काढले, दुसरे सरकवले आणि चौकट आवळली. माथे पद्धतीप्रमाणे आपल्या जागी उभे राहिले. मास्तरांनी शेवटचे मुद्रित उजेडाला धरले, दोन्ही माथे पाहिले. अक्षर एकही तुटके नव्हते, ओळ सरळ होती. "बसलंय," ते म्हणाले आणि यसबाने यंत्राच्या पायपट्टीवर पाय ठेवला.

पेट्या खोऱ्यात पोहोचल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एक प्रत घेऊन घरी गेलो. माझ्या कामाचे पहिले पुस्तक घरच्यांना दाखवायचे होते. थोरला दादा पलटणीतून रजेवर आला होता. त्याची धाकटी मुलगी हौसा तापाने फणफणली होती, आणि दोन वाकळांखालीही कुडकुडत होती. दादाच्या ट्रंकेत लष्करातल्या क्विनीनच्या गोळ्या होत्या.

"बघ रं तुझ्या पुस्तकात," दादा म्हणाला, "पोरीला किती द्यायच्या."

आई, वहिनी, शेजारचे म्हातारबा, सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. घरात औषध पुस्तकातून वाचून देण्याची ती पहिली वेळ. मी पुस्तक उघडले. उजव्या पानाचा माथा 'मुलांसाठी'. क्विनीनच्या ओळीवर बोट ठेवून मी मोठ्याने वाचले. दादाने बाटली तळहातावर ओतली, गोळ्या वेगळ्या केल्या आणि थांबला.

"परत वाच."

मी वाचले.

"नीट वाच की रं."

"दादा, तेच लिहिलंय."

"आरं, पलटणीत आमाला वळीनं हुबं करून देत्यात तेवढ्याच ह्या. दोन मणाच्या गड्याच्या बी कानात भुंगं घुमत्यात त्यानं. आन् ह्या चिमणीला तेवढ्याच?"

मी डावे पान पाहिले. तिथे थोड्याच गोळ्या सांगितल्या होत्या, आणि माथा होता 'मोठ्या माणसांसाठी'. मला यसबाचे हात दिसले, खालची पाने बदलणारे. आणि वर आपल्या जागेवर उभे असलेले दोन माथे.

"छापणाराला पोरंबाळं न्हाईत वाटतं," वहिनी म्हणाली आणि तिने हौसाला जवळ ओढले.

मास्तरांना खरेच मूल नव्हते. हौसाला डाव्या पानाप्रमाणे गोळ्या द्यायला सांगून मी तसाच उठलो आणि स्टेशनकडे चालू लागलो. दादा मागून ओरडला, "आरं, भाकरी तरी खा!" मला थांबवेना. अशा पेट्या खोऱ्यातल्या कितीतरी गावांत होत्या. प्रत्येक पेटीत हे पुस्तक होते, आणि तिथे पलटणीतला दादा असेलच असे नव्हते.

छापखान्यात पोहोचलो तेव्हा मास्तर देवळीपाशी उभे होते. मी पुस्तक त्या पानावर उघडून त्यांच्यासमोर धरले. त्यांनी वर पाहिले.

"सरळ आहे."

"मास्तर, खालचं वाचा."

"खालचं तुझं."

"आज तुम्ही वाचा."

माझ्या आवाजात काहीतरी असावे. त्यांनी चष्मा वर सारला आणि खालचे वाचले. मग डावे पान वाचले. मग पुन्हा उजवे. यंत्र खटखट चालले होते.

"यसबा, पाय काढ."

यंत्र थांबले. यसबा जवळ आला, त्याने पान पाहिले, त्याला सगळे कळले आणि त्याचे तोंड उतरले. "मास्तर, तुमी म्हनलासा तशीच म्या निस्ती खालची पानं..."

गेल्याच महिन्यात एका उलट्या अक्षरासाठी मास्तरांनी त्याला सगळ्या बोळासमोर फाडून खाल्ले होते.

"तू केलंस ते बरोबर केलंस," मास्तर म्हणाले. "मी चुकलो."

तो शब्द त्या जागेत इतका अनोळखी होता की यसबाने माझ्याकडे पाहिले, आपण बरोबर ऐकले ना म्हणून.

डॉक्टर आले. मी पान दाखवले. त्यांनी लगेच पाटणला तार करायला माणूस धाडला आणि म्हणाले, "एक शुद्धिपत्र छापा, आजच्या टपालाने पाठवू."

"शुद्धिपत्र शाळामास्तर वाचतील आणि कागदांत लावून ठेवतील. पुस्तक पेटीत राहील," मास्तर म्हणाले. "दुखणं आल्यावर माणूस शुद्धिपत्र शोधतो का? तो पान उघडतो आणि वर बघतो. ती ओळ मला स्वतः बदलली पाहिजे."

"मास्तर, पुस्तकावर माझंही नाव आहे. दोष दोघांचा."

"तुमचं नाव पहिल्या पानावर. माथे माझे."

त्यांनी दोन्ही ओळी नव्याने जुळवल्या आणि लाकडाच्या दोन छोट्या खोबणींत घट्ट बसवल्या; हाताने ठसा उमटवता येईल असे दोन शिक्के झाले. शाईची गादी आणि लाकडी पट्टी पिशवीत टाकली. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, दशम्या बांधून दिल्या आणि दारात उभ्या राहून विचारले, "अहो, कुठल्या पोराला काही झालं तर नसेल ना?" मास्तरांनी वहाणा घातल्या.

मी बरोबर गेलो. मिरजेहून कऱ्हाडपर्यंत आगगाडी, पुढे पाटणपर्यंत सर्व्हिस मोटार आणि मग पायी. मोटार धक्के खात होती आणि मास्तर पिशवी पोटाशी धरून ताठ बसले होते. एकदाच बोलले. "पदवीधर, तुझ्या पुतणीला तेवढ्या गोळ्या दिल्या नाहीत ना?"

"नाही. दादा थांबला."

"थांबला," ते स्वतःशी म्हणाले. "मी थांबलो नाही."

पहिल्या गावात शाळामास्तरांनी पेटी उघडून पुस्तक दिले. क्विनीनला अजून हात लागला नव्हता. मास्तरांनी पट्टी धरून जुन्या माथ्यावर काट मारली आणि त्याच्या शेजारी नवा ठसा उमटवला. तेही इतके सरळ, की शाळामास्तर बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला. "मी छापखान्याचा मालक. माझ्या हातून... माझ्याकडून चूक झाली." पहिल्यांदा ते वाक्य मध्येच अडले. पुढच्या गावात अडले नाही. तिसऱ्या गावचा तरुण शाळामास्तर हसून म्हणाला, "म्हणजे शुद्धिपत्र स्वतःच चालत आलं म्हणायचं!" मास्तर हसले नाहीत. वाटेत मला म्हणाले, "बरोबर बोलला तो."

गावे डॉक्टरांनी आम्हाला तोंडी सांगितली होती, वाटेच्या क्रमाने. एकेक मागे पडत गेले तसा माझा जीव थोडा थोडा खाली आला. कुठे पाटणहून तारेचा निरोप पोहोचून पेटीला कुलूप लागले होते, कुठे फक्त मोठ्या माणसाला ताप आला होता आणि त्याने मुलांच्या प्रमाणाने गोळ्या घेऊन "औषध कायबी कामाचं न्हाई" म्हणून शिव्या दिल्या होत्या. त्या शिव्या मास्तरांनी उभ्याने ऐकून घेतल्या, जणू आशीर्वाद मिळत होते.

शेवटच्या गावची शाळा देवळात भरत होती. शाळामास्तरांनी पेटी उघडली. पेटीत पुस्तक नव्हते.

"दगडूनं नेलंय काल," ते म्हणाले. "वरच्या वाडीचा. त्याच्या पोराला दिवसाआड हीव येतंय. गोळ्या न्हेल्यात, पुस्तक बी दिलं. वाचता येतं त्याला, माझ्याच रात्रीच्या शाळेत शिकलाय."

मास्तरांनी वाडी कुठे ते विचारले. शाळामास्तरांनी डोंगराकडे बोट केले.

पावसाळा नुकताच संपला होता. गवताखालची वाट अजून निसरडी होती. मास्तरांना दम्याचा त्रास होता, हे मला त्या चढावर कळले. खाली कधी त्यांनी तो दिसू दिला नव्हता. अर्ध्या वाटेवर त्यांनी झाडाला हात टेकला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"तू पुढे पळ. वाद घालत बसू नको. आधी गोळ्या धर."

मी पळालो. वाडीच्या पहिल्याच खोपट्यासमोर एक माणूस उकिडवा बसला होता. मांडीवर पुस्तक, एक बोट पानावर, समोर पितळीत गोळ्या. शेजारी सहासात वर्षांचे पोर आईच्या मांडीवर पडले होते. माणूस एकेक अक्षर लावत होता, "मु... लां... सा... ठी." मी ओरडलो आणि धावत जाऊन पितळीवर हात ठेवला. त्याने मला ढकलले.

"कोन रं तू? सोड!"

"देऊ नका! चुकीचं आहे ते!"

"चुकीचं?" पोराची आई उसळली. "म्या सकाळधरनं सांगतीया, लेकराच्या मानानं लय हाईत म्हून. ऐकंल तर शप्पत! आन् पोरगं म्हनतंय, आये, कानात भुंगा घुमतोय."

सकाळची मात्रा पोटात गेली होती. ही दुसरी.

तेवढ्यात मास्तर आले. चालत आले की ओढत आले, सांगता येत नाही. ते दगडूच्या समोर सारवलेल्या जमिनीवर बसले. छातीतली शिट्टी अजून वाजत होती.

"तुमी कोन?" दगडूने विचारले.

"हे पुस्तक मी छापलंय. या पानावरची वरची ओळ खोटी आहे. या गोळ्या मोठ्या माणसाच्या आहेत."

दगडूने पुस्तकाकडे पाहिले, मग मास्तरांकडे. त्याला राग आला नव्हता. तो गोंधळला होता, आणि ते बघणे जास्त कठीण होते. "आवं, पर छापल्यालं हाय," तो म्हणाला. "छापल्यालं खोटं कसं आसंल?"

मास्तरांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. उघड्या डोक्याचे मास्तर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. टोपीची कड जिथे बसायची तिथे कपाळावर एक पांढरी रेघ होती.

"मी खोटं छापलं," ते म्हणाले. "तू वाचलंस ते बरोबर वाचलंस, बाबा. अक्षर न् अक्षर बरोबर. लिहिणाऱ्याचंही बरोबर होतं. माझंच चुकलं."

दगडूने पितळी त्यांच्याकडे सरकवली.

मी खाली पळालो आणि पाटणच्या दवाखान्यातून डॉक्टर आणायची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी ते वर आले, पोराला तपासले आणि म्हणाले, दुसरी मात्रा गेली नाही हे थोर नशीब. जिवाची भीती नाही. कानाचे मात्र आज काही सांगता येत नाही, वाट बघावी लागेल.

"मी थांबतो," मास्तर म्हणाले.

मला त्यांनी परत धाडले. "कॉलेज बुडवू नको. आणि माझ्यासाठी छापखाना बंद ठेवू नका. माथे यसबाला चढवू दे."

"यसबाला?"

"तो खालीही बघतो."

वाडीवर पुढे काय झाले ते मास्तरांनी कधीच सांगितले नाही. ते मला दगडूकडून कळले, तो पुढे नाचणीची पिशवी घेऊन सांगलीला आला तेव्हा. पोराला हाक मारली तर ते वळेना. मास्तर ओट्यावर बसून असत, कोणाशी बोलत नसत. शिक्क्यांतले दोन शिशाचे खिळे त्यांनी काढून घेतले होते. सकाळ-संध्याकाळ पोराच्या मागे बसून, कधी या कानाशी, कधी त्या कानाशी, ते एकमेकांवर वाजवायचे. टिक्. पोर ढिम्म. पोराची आई त्यांना भाकरी द्यायची पण तोंडाने एक शब्द बोलायची नाही. "आन् एक दिस," दगडू म्हणाला, "पोरगं जात्यापाशी खेळत हुतं. ह्यांनी मागनं वाजीवलं, तसं पोरगं वळलं आन् म्हनलं, आजा, त्ये मला दे की खेळाया. म्हातारा लहान पोरावानी रडला की वो. मग कुठं कारभारीन बोलली त्यांच्याशी. म्हनली, बाबा, आता घरला जावा."

हे ऐकत असताना मास्तर आतल्या बाजूला होते. ते बाहेर आले, दगडूला म्हणाले, "टोपी सरळ कर," आणि काकूंना दोन पाने जास्त वाढायला सांगितले.

त्यानंतर छापखान्यातली पद्धत बदलली. माथा आणि त्याचे पान एकाच सुतळीने बांधायचे, माथा पानाशिवाय हलवायचा नाही. वेळ जास्त लागे, यसबा कुरकुरे. शेवटचे मुद्रित आता मास्तर मला देत आणि समोर बसून म्हणत, "वरचं वाच. आता खालची पहिली ओळ वाच. जुळतं?" प्रत्येक पानाला. ते जुने वचन मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही. पुस्तक हाती आले की अंगठ्याने फर्रकन उलटणेही थांबले. कोणी पुस्तक दिले की ते पहिले पान उघडून वाचायला बसत. गिऱ्हाईक ताटकळे.

मी बी. ए. झालो आणि साताऱ्याला शाळेत नोकरी लागली. जाण्याआधी पदवीचा कागद घेऊन मास्तरांच्या पाया पडायला गेलो. घरी आईने त्या कागदाला हळदकुंकू लावले होते, त्याचा एक कोपरा पिवळा झाला होता. मास्तरांची तब्येत तेव्हा खालावली होती; खाटेवर उशीला टेकून बसले होते. पुढच्या थंडीत ते गेले. मी साताऱ्याहून पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते, त्यामुळे मला आठवतात ते त्याच दिवशीचे मास्तर.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. वर विद्यापीठाचे नाव मोठ्या सुंदर अक्षरांत होते. मला वाटले, ते पाहतील आणि म्हणतील, बसलंय. त्यांनी वाचायला घेतले. त्यांचे इंग्रजी जेमतेम होते. बोट ठेवून, ओठ हलवत, ते एकेक शब्द लावत खाली गेले, अगदी शेवटच्या सहीपर्यंत, आणि मला एकदम वाडीवरचा दगडू आठवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोक्याकडे नाही. वरपासून खालपर्यंत, सावकाश, मुद्रित वाचावे तसे.

"जुळतंय," ते म्हणाले आणि कागद परत दिला. "पण पदवीधर, जुळतंय का ते अधूनमधून तूही बघत जा."